युंगमान सिम्युलेटरवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-प्लेन 12 या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी बनवलेल्या ब्यूकर बीयू 131 'युंगमान' या जर्मन शिकाऊ विमानाच्या फुकट मॉडेलबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घाईत असाल तर आधी उतरण्याबद्दलचं उत्तर वाचा. सगळ्यात जास्त तक्रारी तिथल्याच असतात.

हे विमान नेमकं कोणतं?

दोन जणांचं, उघड्या कॉकपिटचं, एकावर एक पंख असलेलं छोटं विमान. जर्मन हवाई दलाच्या प्राथमिक प्रशिक्षण शाळांमध्ये हजारो पोरांनी पहिल्यांदा आकाश पाहिलं ते याच्यासारख्याच विमानांतून. पहिलं उड्डाण 27 एप्रिल 1934 चं. ते बनवणारा कार्ल क्लेमेन्स ब्यूकर पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलाचा वैमानिक होता. युद्ध हरल्यावर तो स्वीडनला गेला, तिथे विमानांचा कारखाना चालवला आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनला परतला. येताना आंदेर्स आंदेर्सन नावाच्या स्वीडिश डिझाइनरला सोबत घेऊन आला. युंगमान हे या जोडीचं बर्लिनमधलं पहिलं विमान. कारखाना आधी योहानिस्थालला होता, नंतर शहराच्या दक्षिणेला रांग्सडोर्फला हलला.

रांग्सडोर्फचं नाव इतिहासाच्या वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. 20 जुलै 1944 ला जर्मन लष्करी अधिकारी श्टाउफेनबर्ग हिटलरला मारायला बॉम्ब घेऊन निघाला तो याच धावपट्टीवरून. बेआटे ऊझे ही वैमानिक ब्यूकरच्या कारखान्यात विमानांच्या चाचण्या घेत असे. युद्धानंतर तिने जर्मनीत लैंगिक जीवनाशी संबंधित वस्तूंच्या दुकानांची साखळी उभी केली आणि त्यासाठीच ती घराघरात माहीत झाली. असो, आपण विमानाकडे येऊ.

यात बंदुका, बॉम्ब काहीच नाही?

नाही. पूर्व आघाडीवर सोव्हिएत पो-2 विमानं रात्री येऊन छोटे बॉम्ब टाकून जर्मन सैनिकांची झोप उडवत असत. ते पाहून जर्मनांनीही आपली जुनी शिकाऊ विमानं, त्यात युंगमानही, त्याच कामाला लावली. पण ते रूप आम्ही केलेलं नाही, करणारही नाही. हे मॉडेल शाळेतलं विमान आहे.

मग एखादं नावाजलेलं फायटर सोडून हे का निवडलं?

कारण फायटर उडवता येत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना खरं तर हे विमान हवं असतं. सिम्युलेटर घेतला की माणूस थेट मेसरश्मिट 109 मध्ये जाऊन बसतो, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवायची दांडी) पुढे ढकलतो आणि काही सेकंदांत धावपट्टीशेजारच्या गवतात उलटा पडतो. मग मॉडेल वाईट आहे असं ठरतं. प्रत्यक्षात जर्मन शिकाऊ वैमानिकाला 109 पर्यंत पोचायला अनेक महिने लागत आणि वाटेत दोन-तीन प्रकारची विमानं असत. तरीही अरुंद चाकांच्या त्या 109 ने जमिनीवरच कितीतरी जणांचा घात केला.

आकड्यांत सांगायचं तर युंगमानचं भरलेलं वजन 680 किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ 13.5 चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जेमतेम 50 किलो. युद्धाच्या उत्तरार्धातल्या 109 वर हाच भार 200 किलोच्या आसपास जातो. एवढ्या हलक्या विमानात चूक झाली तर ती सावकाश होते, दिसते आणि सुधारायला वेळ मिळतो. मात्र चूक झाली हे विमान लपवत नाही. हे दोन्ही गुण एकत्र असलेलं विमान शिकायला सोन्यासारखं. म्हणूनच या मॉडेलमध्ये विमानाच्या खोड्या गुळगुळीत केलेल्या नाहीत. खोड्या काढल्या तर उरेल ते फक्त एक सुंदर चित्र.

कोणता नमुना केला आहे?

बीयू 131 बी. सुरुवातीच्या विमानांत 80 अश्वशक्तीचं हिर्थ एचएम 60 आर इंजिन होतं. बी नमुन्यात हिर्थ एचएम 504 आलं, चार सिलिंडरचं, सुमारे 4 लिटरचं, 105 अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं. यात क्रँकशाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) वर आणि सिलिंडर खाली लटकलेले असतात. त्यामुळे पंखा उंचावर राहतो आणि वैमानिकासमोरचं नाक थोडं सडपातळ होतं.

पंखांचा विस्तार 7.40 मीटर, लांबी 6.62 मीटर, सपाट उड्डाणात कमाल वेग ताशी 183 किलोमीटरच्या आसपास. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी, वरून कापड. पंख 11 अंशांनी मागे झुकलेले आहेत, वरचा आणि खालचा पंख एकमेकांच्या जागी बसतो आणि चारही पंखांना एलेरॉन (विमान कलंडवणाऱ्या, मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आहेत. शाळेत रोज काही ना काही मोडतं, तेव्हा अदलाबदल होणारा पंख ही गोदाम सांभाळणाऱ्याची मोठीच सोय.

माहिती कुठून गोळा केली?

त्या काळच्या तांत्रिक पुस्तिका, तीन बाजूंची रेखाचित्रं, जुने फोटो आणि आज उडणाऱ्या विमानांची चित्रफीत. शेवटच्या प्रकाराबाबत सावध राहावं लागतं. आज युरोप-अमेरिकेत दिसणारी बरीचशी 'जर्मन' युंगमान मुळात स्पेनमध्ये कासा कंपनीने परवान्यावर बनवलेली आहेत. त्यांत बहुधा स्पॅनिश टिग्रे इंजिन असतं, ते 125 अश्वशक्तीचं. रंग जर्मन दिला, शेपटीवर क्रमांक जर्मन लिहिला, तरी नाकाचं झाकण आणि डायल वेगळे राहतात. 'यूट्यूबवरच्या विमानात हे बटण आहे, तुमच्यात का नाही' याचं उत्तर दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

शेपटीवरचं चिन्ह का काढलं?

नाझी राजवटीचं चिन्ह सार्वजनिकरीत्या वापरण्यावर जर्मनीच्या फौजदारी कायद्यात बंदी आहे. शिक्षण, संशोधन, कला यांसाठी अपवाद आहेत, पण फुकटात वाटल्या जाणाऱ्या फाइलसाठी त्या वादात कोण पडणार? आणि खरं सांगायचं तर ते तिथे असावं असं आम्हाला वाटतही नाही. विमानाच्या उडण्यात त्याने फरक पडत नाही. पंखांवरचे आणि अंगावरचे काळे-पांढरे क्रूस आहेत, तेवढ्याने काळ कळतो. ते चिन्ह घातलेली रंगसंगती कुणी बनवली तर आमच्याकडे पाठवू नये, आम्ही ती घेणार नाही.

नाझी हवाई दलाचं विमान हौसेने उडवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणारे कमी असतात, पण तो विचारायलाच हवा. हे विमान एका लढाऊ यंत्रणेसाठी माणसं तयार करत होतं, ही गोष्ट त्याच्या गोड पिवळ्या रंगाने पुसली जात नाही. युद्धकाळात जर्मन विमान उद्योग मोठ्या प्रमाणावर सक्तीच्या मजुरांवर चालला हेही तितकंच खरं. म्हणून मॉडेलसोबतच्या पुस्तिकेत एक पान फक्त याबद्दल आहे. ते वाचून ज्याला जर्मन रंगात उडायचं नसेल त्याने स्विस किंवा स्पॅनिश रंग निवडावा, विमान तेच आहे.

आणखी कोणते रंग आहेत?

स्पेन, स्वित्झर्लंड, झेकोस्लोव्हाकिया आणि जपान. जपानचं नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. तिथे हे विमान परवान्यावर बनलं. लष्कराने त्याला की-86 म्हटलं, नौदलाने के9डब्ल्यू. नुसत्या लष्करासाठीच हजाराहून जास्त विमानं तयार झाली. युद्धानंतर झेक कारखान्यांनी ते वॉल्टर मायनर इंजिन लावून एरो सी-104 या नावाने बनवलं. स्पेनच्या हवाई दलात तर ते युद्ध संपल्यावरही कित्येक दशकं शिकवत राहिलं. रंग बदलला तरी आमच्या मॉडेलमध्ये इंजिन हिर्थच राहतं. त्यामुळे झेक आणि स्पॅनिश रंग फक्त दिसण्यापुरते आहेत.

इन्स्टॉल कसं करायचं?

झिप उघडा, आतला अख्खा फोल्डर एक्स-प्लेनच्या 'एअरक्राफ्ट' फोल्डरमध्ये टाका, सिम्युलेटर पुन्हा सुरू करा. आतल्या फाइलींची किंवा फोल्डरची नावं बदलू नका. विमान पांढरंफटक दिसलं तर झिप अर्धवट उघडली आहे असं समजा.

इंजिन सुरूच होत नाही. स्टार्टरचं बटण कुठे आहे?

नाही. पंखा हाताने फिरवायचा. शाळेत हे काम जमिनीवरचा माणूस करी आणि त्याची स्वतःची शिस्त होती. आम्ही ती पायऱ्यांसकट ठेवली आहे.

आधी चाकांखाली ठोकळे लावा. कॉकपिटबाहेर, डाव्या चाकाजवळ क्लिक केलं की लागतात. पेट्रोलचा कॉक उघडा. मॅग्नेटोचा (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा) स्विच शून्यावर असल्याची खात्री करा आणि थ्रॉटल पूर्ण मागे घ्या. आता पंख्याच्या पात्यावर क्लिक करून पंखा चार-सहा वेळा सावकाश फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण खेचलं जाईल. मग कॉकपिटमध्ये येऊन थ्रॉटल बोटभर पुढे करा, मॅग्नेटो दोन्हींवर ठेवा, स्टिक (विमान कलंडवायची आणि नाक वर-खाली करायची दांडी) पोटाशी ओढून धरा आणि पात्यावर पुन्हा क्लिक करा. थंड इंजिन पहिल्या झटक्याला धरेलच असं नाही. दोन-तीनदा करा.

खोकून बंद पडलं आणि एक्झॉस्टमधून काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त झालंय. मॅग्नेटो बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, पंखा काही वेळा फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. मॅग्नेटो चालू ठेवून पंखा 'सावकाश' फिरवणाऱ्यांसाठी आम्ही एक धक्का राखून ठेवला आहे. खऱ्या आयुष्यात तिथे हात गेला असता.

एवढी खटपट नको असेल तर मेन्यूत 'इंजिन चालू स्थितीत सुरुवात' आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एकटाच उडवतोय, मग मागच्या सीटवर का बसवलं?

एकट्याने उडवताना मागेच बसायचं असतं. प्रशिक्षक पुढे, शिकाऊ मागे. त्यामुळे पहिल्या एकल उड्डाणाच्या दिवशी पोराची जागा बदलत नाही, फक्त समोरचं डोकं नाहीसं होतं. तोल साधण्यासाठीही वजन मागे लागतं. पुढच्या सीटवर बसायची सोय आहे, पण मग मागे दुसरा माणूस ठेवावा लागेल.

धावपट्टीकडे जाताना समोर काहीच दिसत नाही.

खऱ्या वैमानिकालाही दिसत नसे. नागमोडी जा. नाक थोडं डावीकडे वळवा, उजव्या बाजूने पुढे पाहा, मग उलट. व्हीआर हेडसेट किंवा हेड ट्रॅकर असेल तर डोकं कडेने बाहेर काढता येतं आणि या विमानात पैसे खर्चायचेच असतील तर ते तिथे खर्चा.

टेकऑफला विमान एका बाजूला पळतं. बग आहे का?

बग नाही. पुढचा पंखा एका दिशेने फिरतो, त्याची उलटी ओढ विमानाला बसते. पंख्यामागून पिळत येणारी हवा शेपटीला एका बाजूने ढकलते. त्यात तुम्ही घाईने शेपूट उचलली की फिरत्या पंख्याची भोवऱ्यासारखी प्रतिक्रिया येते आणि नाक आणखी वळतं. हे सगळं एकाच वेळी होतं म्हणून पहिल्यांदा गोंधळ उडतो.

थ्रॉटल पाच-सहा सेकंद घेऊन हळूहळू पुढे करा. नजर डायलवर नको, धावपट्टीच्या दूरच्या टोकाच्या कडेला हवी. रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) दाबून धरायचा नाही, टोचत राहायचा. थोडा डावा, थोडा उजवा, सतत. शेपूट आपोआप हलकी होईल तेव्हा स्टिक किंचित सैल सोडा, बाकी काही करू नका. अंदाजे ताशी 80-90 किलोमीटरच्या वेगाला विमान स्वतःच जमीन सोडतं.

उतरल्यावर विमान गर्रकन फिरून पंख जमिनीला लागतो. काय चुकतंय?

याला ग्राउंड लूप म्हणतात आणि शेपटीवर बसणाऱ्या प्रत्येक विमानात तो लपलेला असतो. कारण सोपं आहे. विमानाचा भारकेंद्र मुख्य चाकांच्या मागे आहे. नाक जरा वळलं की मागचं वजन सरळ पुढे जाऊ पाहतं आणि वळण वाढवतं. पुढे चाक असलेल्या आजच्या विमानांत उलट होतं, वजन विमानाला सरळ करतं. म्हणून सेस्नावर शिकलेला माणूस चाकं टेकली की पाय सैल सोडतो. इथे नेमकी तिथूनच कामाला सुरुवात होते.

बारकाईने पाहू. जमिनीपासून दोन-तीन मीटरवर थ्रॉटल पूर्ण बंद करा. स्टिक हळूहळू मागे घेत राहा, विमानाला जमिनीवर बसू देऊ नका. जणू तुम्ही त्याला उतरायला मनाई करताय. वेग घटत जाईल, नाक वर येईल आणि समोरची धावपट्टी दिसेनाशी होईल. इथे बहुतेक जण घाबरून स्टिक पुढे करतात आणि विमान बेडकासारखं उड्या मारायला लागतं. घाबरू नका. नजर कडेच्या गवतावर न्या, उंचीचा अंदाज तिथून येतो. स्टिक पोटाला लागली की तिन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत.

टेकल्यावर स्टिक पोटाशीच राहू द्या म्हणजे शेपटीचं चाक जमिनीला घट्ट दाबलेलं राहील. आता फक्त पाय. नाक पाच अंश वळल्यावर सरळ करायला गेलात तर उशीर झालेला असतो. वळायला निघालंय एवढं जाणवताच उलटा रडर द्या आणि लगेच सोडा. लगेच सोडणं महत्त्वाचं, नाहीतर दुसऱ्या बाजूला जाल. वेग चालण्याइतका होईपर्यंत ब्रेकला हात लावू नका.

आडवा वारा असेल तर सुरुवातीला उडूच नका. त्या काळच्या शाळांची मैदानं चौफेर गवताची असत, वारा जिकडून येई तिकडे तोंड करून उतरायचं. सिम्युलेटरमधल्या सिमेंटच्या एकाच दिशेच्या धावपट्टीने हे विमान उगाच अवघड केलं आहे. गवती मैदान निवडा, अर्धं दुखणं तिथेच जाईल.

फ्लॅप (उतरताना खाली सोडायच्या पंखांच्या पट्ट्या) सापडत नाहीत.

नाहीतच. उंची जास्त राहिली तर साइडस्लिप करा. एका बाजूला स्टिक, उलट बाजूला रडर, विमान तिरपं होऊन दगडासारखं खाली येतं, पण वेग वाढत नाही. उघड्या कॉकपिटमध्ये खऱ्या वैमानिकाला गालावर लागणाऱ्या वाऱ्यावरून कळे की विमान तिरपं चाललंय. ते आपल्याला मिळत नाही. त्याऐवजी आम्ही वाऱ्याचा आवाज दोन कानांत वेगळा केला आहे, स्लिपच्या बाजूच्या कानात तो वाढतो. हेडफोन लावा, स्पीकरवर हा फरक कळत नाही.

रडर पेडल नाहीत. चालेल?

फिरणारी जॉयस्टिक असेल तर कामचलाऊ चालेल. नुसत्या कीबोर्डवर हे विमान उडवू नका, दोघांनाही त्रास. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर उजवी स्टिक रडरला दिली तर अगदीच वाईट नाही.

नियंत्रणं फारच नाजूक वाटतात. हात लावला की विमान कलंडतं.

चार एलेरॉनचं विमान आहे, कलंडणारच! युंगमानची ख्यातीच ती आहे. हाताच्या इशाऱ्याला ते लगेच उत्तर देतं. पण टेबलावरच्या छोट्या जॉयस्टिकचा प्रवास खऱ्या स्टिकच्या मानाने इवलासा असतो, म्हणून नाजूकपणा वाढतो. जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये रिस्पॉन्सची रेषा मध्याजवळ थोडी वाकवा. स्टेबिलिटीचे स्लायडर मात्र शून्यावरच हवेत. ते वाढवले की सिम्युलेटर गुपचूप तुमच्या चुका सुधारतो आणि मग पुढच्या विमानात तुम्ही पुन्हा गवतात.

लूप, रोल, स्पिन जमतात का?

लूप (हवेत उभी कोलांटी) आणि रोल (आडवी गिरकी) उत्तम. लूपसाठी नाक खाली करून वेग 180 च्या आसपास आणा आणि स्टिक सावकाश, एकसारखी ओढा. झटका दिलात तर वर पोचण्याआधीच वेग संपतो. आजच्या एरोबॅटिक स्पर्धांत कसरती ज्या रेघोट्यांच्या चिन्हांत लिहितात ती पद्धत होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाची. तो ब्यूकरच्याच विमानांवर कसरती करत असे. तेव्हा तुम्ही योग्य घराण्याच्या विमानात आहात.

स्पिनबाबत, म्हणजे विमान गरगरत खाली येण्याबाबत, हात राखून सांगतो. स्टॉलच्या, म्हणजे पंख विमानाला उचलेनासे होतात त्या क्षणाच्या, पलीकडची हवा कुठल्याही घरगुती सिम्युलेटरला नीट पकडता येत नाही. एक्स-प्लेन पंखाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरचा जोर मोजतो. स्टॉल होईपर्यंत ते छान चालतं, पुढे अंदाज सुरू होतात. आमचं विमान स्पिनमध्ये जातं आणि थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, उलटा रडर, मग स्टिक पुढे या क्रमाने बाहेर येतं. पण किती फेऱ्यांत येतं यावर विसंबू नका. इथे शिकून कुणी खऱ्या विमानात स्पिन करायला जाऊ नये.

उलटं धरलं की इंजिन गप्प होतं.

साधा कार्ब्युरेटर आहे. उलटं झालं की त्यातलं पेट्रोल वर जातं आणि इंजिन उपाशी राहतं. सरळ केलं की पुन्हा धरतं. सलग उलटं उडायचं असेल तर याचंच एका सीटचं भावंड आहे, बीयू 133 युंगमाइस्टर. त्यावर आम्ही काम केलेलं नाही.

पुण्याहून दुपारी उडवलं तर चढतच नाही. मॉडेलमध्ये गडबड आहे?

मे महिन्यात उडवलं असेल! लोहगाव समुद्रसपाटीपासून 590 मीटरच्या आसपास आहे. 40 अंश तापमानाला तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण 1,600 मीटरहून वर आहोत असं वाटतं. 105 अश्वशक्तीतली पंधरा-सतरा टक्के शक्ती तिथेच गेली. वर दोन माणसं आणि भरलेली टाकी. सिंहगडाच्या दिशेने सरळ निघालात तर गड वर राहील आणि तुम्ही खाली. सकाळी सहाची वेळ लावा, एकटे उडा, गोल फिरत उंची घ्या आणि मग डोंगराकडे वळा. कोकणात उतरायचं असेल तर परतीचा विचार आधी करा. घाट उतरणं सोपं, चढणं या विमानाच्या जिवावर येतं.

टायगर मॉथपेक्षा हे वेगळं कसं?

आपल्याकडे जुन्या फ्लाइंग क्लबांत टायगर मॉथ ही ब्रिटिश शिकाऊ विमानंच होती, म्हणून ही तुलना हमखास येते. दोन्ही एकाच पिढीतली, दोन्हींत उलट्या सिलिंडरचं चार सिलिंडरी इंजिन, दोन्हींत एकट्याने मागे बसायचं. पण टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखांना. ती जडशीळ, सुस्त आणि दयाळू आहे. युंगमान चपळ आहे. टायगर मॉथ उडवायला सोपी, चांगली उडवायला अवघड असं म्हणतात. युंगमान दोन्ही बाबतींत जास्त सरळ आहे, पण जमिनीवर जास्त लक्ष मागतं.

भारतात टायगर मॉथची जागा घेतली ती हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या एचटी-2 ने. 1951 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. 1930 च्या दशकात ते ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले. म्हणजे जर्मनीत युंगमान नवंकोरं होतं त्याच वर्षांत आपला एक माणूस तिथे हवेचं शास्त्र शिकत होता. एचटी-2 चं चांगलं मॉडेल कुणी मराठी माणसाने करावं, ही आमची जुनी इच्छा आहे.

युद्धात या शाळांचं पुढे काय झालं?

सुरुवातीला प्रशिक्षण निवांत आणि कसून चाले. नंतर ते पोखरलं गेलं. रशियात डेम्यान्स्क आणि स्टालिनग्राडला वेढ्यातल्या जर्मन सैन्याला रसद पोचवायला शाळांमधली युंकर्स 52 ही मालवाहू विमानं आणि त्यांवरचे प्रशिक्षक उचलून नेले गेले. त्यातले कितीतरी परत आले नाहीत. पुढे पेट्रोलचा तुटवडा आला. 1944 पर्यंत नवीन जर्मन वैमानिकाला मिळणारे उड्डाणाचे तास ब्रिटिश-अमेरिकन वैमानिकाच्या निम्म्याहूनही खाली गेले होते. कारखान्यातून फायटर बाहेर पडत होती, ती सुखरूप उतरवू शकतील असे पाय कमी पडत होते. मॉडेलसोबतचे धडे आम्ही सुरुवातीच्या, निवांत वर्षांच्या पद्धतीवर बेतले आहेत.

डायलवरचे आकडे कळत नाहीत.

वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे, नॉटमध्ये नाही. उंची मीटरमध्ये. आपल्याला खरं तर हेच सोपं जायला हवं.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी करणार का?

सध्या नाही. बाहेरचं रूप नेता येईल, पण उडण्याचं गणित तिथे वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं, ते जवळपास पहिल्यापासून करावं लागेल. फ्लाइटगिअर या फुकट सिम्युलेटरसाठी कुणी करत असेल तर ब्लेंडरच्या (थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) मूळ फाइली देऊ.

यानंतर कोणतं विमान?

अराडो 96. जर्मन पोरगं युंगमानवरून पुढे गेलं की याच्याकडे येई. धातूचं अंग, बंद कॉकपिट, आत जाणारी चाकं, 465 अश्वशक्तीचं आर्गुस इंजिन. नाकाच्या टोकाला छोट्या पात्यांची चक्री दिसते, ती पंख्याच्या पात्यांचा कोन आपोआप बदलते. ती चक्रीच आम्हाला सध्या छळते आहे. तारीख विचारू नका.

मॉडेल वाटायला, बदलायला परवानगी आहे का?

फुकट वाटा, बदला, नवे रंग करा. विकू नका. बग कळवताना सिम्युलेटरची आवृत्ती, लॉग फाइल आणि विमान नेमकं काय करत होतं ते लिहा. 'नीट उडत नाही' एवढंच लिहिलंत, तर आधी वरचं उतरण्याचं उत्तर पाठवू.